तुटलेली डिंकी मॉरिस ऑक्सफर्ड: रंगाआधी धातूकडे पाहा

आपण लिहिले आहे त्याचा गोषवारा आधी मांडतो. आपले आजोबा ब्रिटिश मालवाहू बोटीवर कामाला होते आणि १९५० च्या दशकात त्यांनी लिव्हरपूलहून डिंकी कंपनीची मॉरिस ऑक्सफर्ड ही छोटी मोटार आणली. ती आता रत्नागिरीजवळच्या घरात, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत सापडली आहे. तिचे छत एका बाजूने दबले आहे. पुढच्या काचेच्या जागेचा एक खांब तुटला आहे आणि दुसरा वाकला आहे. मागचे एक चाक नाही, उरलेल्या टायरांचे रबर दगडासारखे झाले आहे आणि खालच्या कडांना पांढरी भुकटी धरली आहे. शिवाय आपल्या वडिलांनी लहानपणी खिडकीच्या गजांसाठी आणलेला लाल ऑइलपेंट ब्रशने सगळ्या गाडीवर लावला असून त्याच्या खाली मूळ हिरवा रंग कुठेकुठे डोकावतो. आपला प्रश्न एवढाच आहे की, हा लाल रंग कशाने काढावा आणि वरून कोणता हिरवा स्प्रे मारावा.

माझ्या मते रंगाचा प्रश्न यात शेवटी येतो. त्याआधी दोन गोष्टी ठरवाव्या लागतील: गाडीचा धातू आतून निरोगी आहे का, आणि लाल रंगाखालचा मूळ हिरवा रंग किती शिल्लक आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आले, तर दुरुस्ती करूच नये. दुसऱ्याचे उत्तर अपेक्षेपेक्षा चांगले आले, तर नवा रंग देण्याची गरजच उरणार नाही. मी गेली बावीस वर्षे अशा ओतीव गाड्यांची दुरुस्ती करतो आहे आणि माझ्याकडे बिघडून आलेल्या बहुतेक गाड्या कुणीतरी थेट रंगापासून सुरुवात केल्यामुळे बिघडलेल्या होत्या.

आधी धातूविषयी. डिंकी हे नाव लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने १९३४ मध्ये वापरायला सुरुवात केली. अगदी सुरुवातीच्या गाड्या शिशाच्या मिश्रधातूच्या होत्या. लवकरच त्यांची जागा जस्ताच्या मिश्रधातूने घेतली, ज्याला इंग्लंडमध्ये मॅझॅक आणि इतरत्र झॅमॅक म्हणतात. त्यात सुमारे ९६ टक्के जस्त, ४ टक्क्यांच्या आसपास ॲल्युमिनियम आणि अगदी थोडे मॅग्नेशियम असते. काही प्रकारांत तांबेही असते. या धातूची एक अट असते: त्यात शिसे जवळपास नसावे. टक्क्याच्या काही हजाराव्या भागापेक्षा जास्त शिसे मिसळले गेले, तर धातूच्या कणांमधल्या सीमांवर आतल्या आत गंज चढू लागतो, धातू फुगतो, पृष्ठभागावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडतात आणि शेवटी तो बिस्किटासारखा चुरतो. या विकाराला झिंक पेस्ट (zinc pest, म्हणजे जस्ताची कीड) म्हणतात. ओलावा आणि उष्णता यांनी त्याचा वेग वाढतो, पण त्याचे मूळ ओतकामाच्या दिवशीच धातूत शिरलेले असते आणि त्यावर उपाय नाही. वरून कितीही इपॉक्सी भरले, तरी आतला धातू फुगतच राहतो.

आपल्याला दिलासा देणारी गोष्ट ही की, हा विकार मुख्यतः दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या डिंकी गाड्यांत दिसतो. मॉरिस ऑक्सफर्ड ही डिंकीने १९५० मध्ये ४०जी या क्रमांकाने काढली आणि १९५४ मध्ये क्रमांकांची पद्धत बदलल्यावर तिला १५९ हा क्रमांक मिळाला. म्हणजे आपली गाडी निश्चितपणे युद्धोत्तर काळातली आहे. (ज्या खऱ्या मोटारीची ही प्रतिकृती, तीच भारतात हिंदुस्तान १४ या नावाने तयार होत असे. त्यामुळे आपल्या आजोबांनी दुकानातल्या सगळ्या गाड्यांमधून हीच का उचलली असेल, याचा मला अंदाज येतो.)

तरीही खात्री करून घ्यावी. गाडी उलटी करून चाकांच्या कमानींमधून आत टॉर्चचा उजेड टाका. आतल्या बाजूला रंग पातळ असतो, त्यामुळे धातूचे खरे रूप तिथे दिसते. जाळीदार भेगा, फुगवटे किंवा बॉनेटच्या टोकाला आलेला वाक दिसतो का ते पाहा. गाडीची बाजू पोलादी पट्टीला लावून पाहा, कारण विकार झालेली गाडी लांबीने वाढते आणि बहुधा मधोमध कमानीसारखी वर उचलली जाते. यांपैकी काही दिसले, तर दुरुस्तीचा विचार सोडून गाडी कोरड्या जागी तशीच जपावी, असे मी सांगेन. आपण लिहिलेली पांढरी भुकटी मात्र मला त्या विकाराची वाटत नाही. समुद्राच्या खाऱ्या, दमट हवेत जस्तावर असा पांढरा गंज चढतो आणि तो पृष्ठभागापुरता असतो. लाकडी काडीने खरवडल्यावर खाली घट्ट करडा धातू लागला, तर काळजीचे कारण नाही. काडी धातूत रुतली, तर आहे.

आता दुसरा निर्णय. संग्राहकांच्या जगात मूळ रंगाला, तो टवके उडालेला असला तरी, नव्या रंगापेक्षा जास्त किंमत असते. आपण गाडी विकणार नाही असे लिहिले आहे, तरीही मूळ रंग एकदा काढला की परत येत नाही, हे लक्षात घेऊनच पुढे जावे. डिंकीचा मूळ रंग भट्टीत भाजून पक्का केलेला असे. गजांचा ऑइलपेंट हवेत वाळलेला. या दोन रंगांच्या कणखरपणातला फरक कधीकधी आपल्या उपयोगी पडतो. गाडीच्या खालच्या बाजूला, नजरेत न येणारी बोटाच्या पेराएवढी जागा निवडा. तिथे कापसाच्या बोळ्याने आधी टर्पेंटाइन लावून दहा मिनिटे थांबा. काही झाले नाही, तर आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि तेही चालले नाही, तर अगदी थोडे थिनर वापरा. बोळ्यावर लाल रंग उतरतो आहे आणि हिरवा जागेवर आहे असे दिसले, तर घाई न करता, एका वेळी एक चौरस सेंटिमीटर, अशा गतीने सगळी गाडी करता येते. माझ्याकडे आलेल्या अशा रंगवलेल्या गाड्यांपैकी साधारण चारांत एकीवर हे जमले आहे. ते जमेलच असे सांगता येत नाही, कारण वरचा रंग कोणत्या प्रतीचा होता आणि तो लावण्याआधी कुणी पॉलिश पेपर घासला होता का, यावर सगळे अवलंबून असते. खाली सत्तर टक्क्यांच्या पुढे हिरवा रंग शिल्लक निघाला, तर मी तिथेच थांबेन आणि फक्त मोडलेला खांब दुरुस्त करून त्याच्यापुरता रंग जुळवेन. निम्म्याहून कमी निघाला, तर पूर्ण रंग काढणे योग्य होईल. मधल्या पल्ल्यातला निर्णय मी आपल्यावर सोपवतो.

एक सावधगिरी आधीच सांगून ठेवतो. त्या काळच्या खेळण्यांच्या रंगात आणि आपल्याकडच्या जुन्या ऑइलपेंटमध्येही शिसे असण्याची शक्यता मोठी आहे. म्हणून हा रंग कोरडा घासू नये. जे घासायचे ते पाण्याखाली, हातमोजे घालून, लहान मुले आणि स्वयंपाकघर यांच्यापासून दूर घासावे, आणि निघालेला गाळ मोरीत न सोडता कागदात टिपून बंद पिशवीत ठेवावा.

पूर्ण रंग काढायचा झाला, तर गाडी खोलावी लागेल. खोलण्याआधी सर्व बाजूंनी फोटो काढा आणि आसांची लांबी व जाडी मोजून लिहून ठेवा. तळाचा पत्रा हा गाडीच्याच अंगातून निघालेल्या ओतीव खुंट्यांवर बसवून, खुंट्यांची डोकी ठोकून पसरवलेली असतात. फक्त तेवढे पसरलेले डोके काढायचे असते. डोक्याच्या मध्यावर पंचने खूण करा आणि डोक्याच्या व्यासाइतक्या बिटने, हाताच्या ड्रिलने, थोडे थोडे कोरत जा; पत्रा हलू लागला की त्या क्षणी थांबा. विजेचे ड्रिल इथे नको, कारण हा धातू इतका मऊ असतो की अर्ध्या सेकंदात खुंटी निम्मी नाहीशी होते. परत जोडताना खुंटीत १.६ मिलिमीटरचे भोक पाडून एम२ मापाचे आटे पाडावेत आणि बारीक स्क्रू लावावा. टॅपला, म्हणजे आटे पाडण्याच्या हत्याराला, हलक्या तेलाचा थेंब द्या आणि प्रत्येक अर्ध्या फेऱ्यानंतर तो उलट फिरवून चुरा मोकळा करा, नाहीतर टॅप आत अडकून मोडतो. स्क्रू लावल्याने गाडी पुन्हा कधीही खोलता येते आणि पुढच्या माणसाला ती दुरुस्त केलेली आहे हे प्रामाणिकपणे कळते.

रंग काढण्याच्या बाबतीत घरगुती सल्ल्यांपासून दूर राहा, हे मी आग्रहाने सांगतो. आपल्याकडे धातूची वस्तू काळवंडली की हात आपोआप चिंचेकडे किंवा लिंबाकडे जातो. तांब्या-पितळेला ते चालते, पण जस्त आम्लात विरघळते आणि पृष्ठभागाला सूक्ष्म खड्डे पडतात. व्हिनेगरचेही तेच. परदेशी चित्रफितींमध्ये कॉस्टिक सोडा सर्रास वापरलेला दिसतो. जस्त आणि ॲल्युमिनियम हे दोन्ही धातू तीव्र क्षारातही विरघळतात, आणि त्या द्रावणातून उठणारे बुडबुडे हे रंग सुटल्याचे नसून धातू खाल्ला जात असल्याचे असतात. सुरुवातीच्या काळात मी एक व्हॅन अशा द्रावणात रात्रभर ठेवली होती. सकाळी रंग गेलेला होता, पण दारांच्या कडा आणि समोरच्या जाळीच्या रेषाही बोथट झाल्या होत्या. त्या रेषा साच्यातून आलेल्या असतात. त्या पुन्हा कोरून मूळच्या होत नाहीत. त्या व्हॅनचे मला अजूनही वाईट वाटते.

रंगाच्या दुकानात मिळणारे जेलसारखे पेंट रिमूव्हर हा त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग आहे. ते गच्चीवर किंवा अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून, जाड हातमोजे आणि चष्मा घालून वापरा. त्याची वाफ बंद खोलीत घातक असते. गाडीवर जाड थर लावून वर प्लास्टिक गुंडाळा आणि पंधरा-वीस मिनिटांनी नायलॉनच्या जुन्या टूथब्रशने रंग सोडवा. तारेचा ब्रश वापरू नका. दोन किंवा तीन वेळा करावे लागेल. मग कोमट पाण्याने आणि साबणाने धुऊन लगेच हेअर ड्रायरने कोरडे करा. ओली गाडी उन्हात नुसती ठेवून दिली, तर कोकणच्या हवेत संध्याकाळपर्यंत पांढरा गंज परत दिसू लागतो.

इथून पुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे दबलेले छत आणि मोडलेला खांब. जुना झालेला जस्ताचा मिश्रधातू थंड असताना ठिसूळ असतो आणि वाकवला की वाकत नाही, तुटतो. शुद्ध जस्त साधारण १०० ते १५० अंश सेल्सियसच्या दरम्यान मऊपणाने वळते, आणि या मिश्रधातूलाही ऊब दिल्यावर थोडी लवचिकता येते. म्हणून गाडीचा सांगाडा उकळत्या पाण्यात पाच-सात मिनिटे ठेवा, फडक्यात धरून बाहेर काढा आणि छताच्या आत लाकडाचा गोलसर ठोकळा बसवून व्हाइसने अतिशय हळू दाब द्या. एका वेळी अर्धा मिलिमीटर हलले तरी पुरे. मग परत पाण्यात. हे काम मी दोन दिवसांत वीसेक फेऱ्यांनी करतो. हातोडी वापरत नाही. वाकलेल्या खांबालाही हीच रीत, पण तिथे मन घट्ट करावे लागते, कारण खांब बारीक असतो आणि आधीच एकदा वाकलेला असल्यामुळे त्याच्या आत चीर असू शकते. शक्य असेल, तर भिंगातून चीर आहे का ते आधी पाहा. चीर दिसली, तर पूर्ण सरळ करण्याचा हट्ट सोडून जवळपास सरळ झाल्यावर थांबा. उरलेले पुट्टीने साधता येते.

उघड्या ज्योतीचा वापर करू नका. हा मिश्रधातू ३८० अंशांच्या आसपास वितळू लागतो, आणि वितळण्याआधी तो लाल होऊन इशारा देत नाही, एकदम खाली बसतो. त्याच कारणाने आणि जस्तावर नेहमीचा डाग (सोल्डर) नीट धरत नाही म्हणून, तुटलेल्या खांबाला डाग देण्याचा सल्ला मी देत नाही.

तुटलेला खांब आपल्याकडे आहे की हरवला, हे आपण लिहिलेले नाही. असेल, तर दोन्ही टोकांत ०.६ मिलिमीटरचे भोक पाडून, आत त्याच जाडीची पितळी तार घालून, दोन नळ्यांच्या सावकाश वाळणाऱ्या इपॉक्सीने जोडा आणि चोवीस तास हात लावू नका. पाच मिनिटांत वाळणारे इपॉक्सी इथे कमी पडते. नुसता चिकटवलेला सांधा पहिल्यांदा गाडी खाली पडली की सुटतो. तारेवर बसवलेला सांधा टिकतो. खांब हरवला असेल, तर पितळी पट्टीचा तुकडा कानशीने दुसऱ्या बाजूच्या खांबाच्या आकाराचा करून घ्या आणि वर-खाली तशाच तारांवर बसवा. दुसऱ्या बाजूचा खांब सरळ केल्याशिवाय हे माप घेऊ नका, नाहीतर दोन्ही चुकतात.

पुट्टी आणि प्रायमर यांच्या क्रमाबद्दल लोक हमखास गोंधळतात. मोटारींचे डेंटिंग-पेंटिंग करणाऱ्यांकडे मिळणारी, हार्डनर मिसळून लावायची पॉलिएस्टर पुट्टी ही ४०० नंबरच्या पेपरने ओरखडलेल्या उघड्या धातूवर लावावी. जस्तासाठी लागणारे एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला किंचित खाऊन पकड घेणारा पहिला हात, आम्लयुक्त असते, आणि त्याच्यावर ही पुट्टी लावली तर ती नीट पकडत नाही. म्हणून आधी पुट्टी, मग ६०० आणि १००० नंबरच्या वॉटर पेपरने पाण्यात घासणे, मग कोरडे करून एच प्रायमरचे दोन पातळ हात. प्रायमर टाळून थेट ऑइलपेंट लावला, तर जस्त आणि रंगातले तेल यांची हळूहळू रासायनिक प्रक्रिया होऊन मधे साबणासारखा थर तयार होतो आणि वर्षा-दोन वर्षांत रंग पापुद्र्यांनी सुटतो. आपल्या वडिलांचा लाल रंग इतकी वर्षे टिकला, तो खाली भाजलेला हिरवा रंग होता म्हणूनच.

थोडक्यात, रंगाआधीचा क्रम असा: धातूची तपासणी, लाल रंग उतरतो का याची छोटी चाचणी, मग खोलणे, रंग काढणे, छत आणि खांब, पुट्टी, प्रायमर. यातला एकही टप्पा पुढे-मागे करू नये.

आता आपला मूळ प्रश्न, हिरवा कोणता. तयार डब्यावरचे नाव पाहून हिरवा घेऊ नका आणि इंटरनेटवरच्या फोटोवरूनही नको, कारण कॅमेऱ्यात हिरवा सगळ्यात जास्त फसवतो. तळाचा पत्रा उघडल्यावर छताच्या आतल्या बाजूला कारखान्यातल्या फवाऱ्याचा उडालेला रंग दिसेल. तिथे ना सूर्यप्रकाश पोहोचला, ना वडिलांचा ब्रश. पेंट रिमूव्हर लावण्याआधी त्या जागेचा नमुना घेऊन मोटारींचे रंग मिसळून देणाऱ्या दुकानात जा आणि दिवसाच्या उजेडात जुळवून घ्या. दुकानदार हार्डनर मिसळून लावायचा टूके (2K) रंग देऊ करेल; त्याची वाफ योग्य मुखवट्याशिवाय फुप्फुसांना अपायकारक असते, म्हणून घरी काम करणाऱ्यांना मी ॲक्रिलिक लॅकर सुचवतो. एअरब्रश असेल, तर तीन अगदी पातळ हात द्या. गाडी जेमतेम नऊ सेंटिमीटरची आहे, खऱ्या मोटारीइतका जाड थर तिच्यावर दारांच्या रेषा बुजवून टाकतो. दिवे, बंपर आणि जाळी यांवरचा चंदेरी रंग सगळ्यात शेवटी, बारीक ब्रशने.

पावसाळ्यात हे काम करू नका. दमट हवेत लॅकर वाळताना पृष्ठभागावर ओल धरते आणि रंगावर दुधाळ पडदा येतो. दसऱ्यानंतरची कोरडी दुपार मी यासाठी राखून ठेवतो.

चाकांचे काम त्यामानाने सोपे आहे. जुन्या डिंकी गाड्यांसाठी नव्याने बनवलेली चाके आणि काळे रबरी टायर इंग्लंडमधले विक्रेते टपालाने पाठवतात. मात्र टायर मागवण्याआधी चाकाचा व्यास मोजा. नवी आस पोलादी सळईची करून तिचे टोक खळगा असलेल्या पंचने ठोकून गोल करावे.

तोवर गाडी वर्तमानपत्रात किंवा कापसात गुंडाळून ठेवू नका, दोन्ही ओल धरून ठेवतात. लाकडी कपाटातही नको, कारण काही लाकडांतून आणि प्लायवूडमधून निघणारी आम्लाची वाफ जस्ताला खाते. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकून ठेवा आणि महिन्याने त्या बदला.

शेवटची गोष्ट तळाच्या पत्र्याची. आपण लिहिले आहे की, त्याच्यावर डिंकी टॉइज, मॉरिस ऑक्सफर्ड ही अक्षरे आणि त्यांच्यावरून गेलेले लाल ब्रशचे फटकारे दोन्ही दिसतात. मी तो पत्रा पेंट रिमूव्हरच्या जवळही नेणार नाही. तो टिनचा आहे, त्यावर मऊ फडक्याने मेणाचा पातळ हात द्या आणि आहे तसा परत बसवा. गाडी कपाटात उभी असेल तेव्हा ती आजोबांनी आणली तशी हिरवी दिसेल, आणि कुणी ती उचलून उलटी केली की खाली वडिलांचा लाल रंग तसाच असेल.